वहाबचं गढूळ पाणी

वहाब डारचा दिवस पहाटेच्या अजानीआधी सुरू व्हायचा. तो खाऱ्या चहाबरोबर कालची रोटी खाऊन फिरनच्या घोळदार झग्याआत निखाऱ्यांची कांगडी धरायचा आणि अंचार तळ्याच्या काठावर जायचा. ऐन थंडीत नाव बर्फात अडकलेली असायची. वल्ह्यानं बर्फ फोडून ती सोडवली की अर्धं बळ तिथंच संपायचं. मासे मारायचं काम त्यानंतर.

आमच्याकडे हिवाळ्यात मासा सावलीनं मारतात. नावेच्या टोकाला पालथं पडायचं, अंगावरून पाण्यापर्यंत घोंगडी ओढायची आणि हातातला भाला पाण्यात सोडून निपचित राहायचं. घोंगडीची सावली बघून मासा आडोशाला येतो. मग एकच घाव. खोकला आला तरी गिळावा लागतो. वहाब दुपारपर्यंत तसा पडून राहायचा. मी जन्मभर नावांच्या कारखान्यात करवत ओढली, पण ते पडून राहणं मला झेपलं नसतं.

त्याचे घाव चुकू लागले तेव्हा तो म्हणाला, "पाणी गढुळलंय."

कोणीच नाही म्हणालं नाही. गटारं तळ्यात येतात हे सगळ्यांना दिसत होतं, आणि मासे सगळ्यांचेच कमी झाले होते.

त्याची बायको मुख्ता पुलावर टोपली घेऊन बसायची. तिच्या तोंडाला गिऱ्हाईक भ्यायचं. "पोरीच्या बापा, आज शेवाळ विकू का? मासे तर आणले नाहीस."

"अंचार मेलं आता. मानसबल तळ्याचं पाणी काचेसारखं आहे. तिथं जायचं."

"या नावेतून? ही पुलापर्यंत पोचली तरी नशीब."

ते खरंच होतं. जुनी नाव चाळणी झाली होती. म्हणून नव्या नावेच्या पैशांसाठी वहाब उन्हाळ्यात रोजंदारीवर तळ्यातलं शेवाळ उपसायला गेला. कमरेइतक्या पाण्यात दिवसभर वाकून ओढायचं. माणसं आठवड्यात काम सोडून पळायची. त्यानं तीन उन्हाळे काढले आणि आमच्या कारखान्यात नवी नाव करायला सांगितली. देवदारच हवा म्हणाला. फळ्या निवडताना तो एकेक फळी हातानं चाचपून गाठी शोधत होता.

"वहाबा, लाकूड घेतोयस की म्हैस?" मी म्हणालो.

तो हसला. जुना माणूस आहे, हाताला कळतं, असं मला वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात नाव मानसबलला नेली. सांधे तपासायला मीही गेलो. लख्ख ऊन होतं. मी वल्हं धरलं, मुख्ता मध्ये बसली, वहाब टोकाला घोंगडीखाली गेला.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "इथंही तेच. गढूळ."

मुख्ता नावेच्या कडेवरून वाकली. "कसलं गढूळ? तळाचा दगडन्‌दगड दिसतोय."

"थट्टा नको गं."

तिनं परत पाहिलं, मग घोंगडीच्या कडेला तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आलाय. भाल्याच्या उजवीकडे. मोठा आहे."

त्यानं घाव घातला. मला वरून दिसलं, भाला माशापासून हातभर लांब गेला.

तो घोंगडीतून बाहेर आला. समोरचे डोंगर धुतल्यासारखे उभे होते. तो म्हणाला, "धुकं उतरलं वाटतं."

मुख्तानं माझ्याकडे पाहिलं. रोज जिभेनं सोलणारी बाई, तिनं हात धरून त्याला खाली बसवलं. मी नाव वळवली.

डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर येत नाही, चाचा. आधी आला असतात तर उरलेली राखता आली असती."

वहाबनं विचारलं, "म्हणजे पाणी स्वच्छ होतं?"

डॉक्टरला काही कळलं नाही. त्यानं थेंबांची बाटली दिली.

नाव अंचारला परत आणून विकायला काढली. घ्यायला कोणी आलं नाही. इथं मासाच नाही तर नाव कोण घेणार? मुख्ता आता बाहेरून बर्फात येणारे मासे विकते. वहाब अजून अजानीआधी उठतो, भिंत धरत काठावर जातो आणि नावेच्या तळावर हात फिरवतो. तळ कोरडा असतो. तीन उन्हाळ्यांच्या मजुरीत एवढं आलं: अस्सल देवदाराची, थेंबभरही न गळणारी नाव.