मस्करी कुठल्या फांदीवर

केंद्रात तिला सगळे फांदीबाई म्हणत. तोंडावर नाही हां. तोंडावर मॅडम, पाठ वळली की फांदीबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं कबूल कोण करणार! नाव पडलं ते तिच्या एका सवयीपायी. जेवताना कुणी शेजारच्याच्या ताटात आपले दोन घास सरकवले, की बाकीचे म्हणत, "किती मायाळू आहे हो!" ही म्हणे, "ते झालं. पण हे कुठल्या फांदीवर?"

आता ही फांदी काय भानगड आहे, ते सांगायला हवं. मेंदूला मार बसलेल्यांसाठी आणि मनाच्या आजारातून उठलेल्यांसाठी ते दिवसकेंद्र होतं. सकाळी यायचं, खुर्च्यांना वेत विणायचा, चार माणसांत बसायचं, संध्याकाळी आपल्या घरी जायचं. जागा मोजक्या आणि दाराशी वाट बघणारे ढीगभर. कुणाला ठेवायचं आणि कुणाला शहराबाहेरच्या देखरेखीच्या घरात कायमचं पाठवायचं, हे ठरवताना जो तो आपल्या मनचं लिहायचा. एक लिही 'छान रुळला आहे', दुसरा त्याच माणसाबद्दल लिही 'डोक्याला ताप'. शेवटी मोठे डॉक्टर वैतागले आणि त्यांनी केंद्रातली जुनी मानसतज्ज्ञ म्हणून हिच्या गळ्यात काम घातलं. माणसाचं मन काय काय करतं आणि माणूस माणसांत कसा वावरतो, याची एक पक्की वर्गवारी करा, मोठ्या गटातून लहान गटात उतरत जाणारी. मग सगळ्यांनी तीच वापरायची.

बाईंनी ते काम असं अंगावर घेतलं की विचारू नका. एकेका कार्डावर एकेक गोष्ट लिहिली. लक्ष देणं, आठवणं, रागावणं, रुसणं, वाट बघणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, दात घासणं. घरात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, त्यांवर चिमट्यांनी कार्डं टांगली. वरच्या दोरीवर मोठ्या फांद्या, खालच्या दोऱ्यांवर डहाळ्या. ओले टॉवेल गेले खुर्च्यांच्या पाठींवर. राग धरून ठेवणं हे भावनेत घालायचं की स्मरणात, यावर तिचं आणि केंद्रातल्या धाकट्या मानसतज्ज्ञ बाईंचं चांगलं आठवडाभर वाजलं. लाज एकट्यालाही वाटते की तिला समोर कुणी लागतंच, यावर तर दोघी बोलेनाशा झाल्या. धाकट्या बाई रुसल्या तर हिने ते रुसणंसुद्धा तपासून बघितलं. असली ही बाई!

आणि मग तिला तिची आवडती युक्ती सुचली. वरची फांदीच वाळलेली असेल तर खालची पानं कशाला मोजायची? बोलणं समजत नाही, बोलता येत नाही, तर बोलण्याखाली टांगलेलं पुढचं काही विचारायचंच नाही. सगळीकडे शून्य मांडायचं आणि पुढे जायचं. चाचणी निम्म्या वेळात उरकते. डॉक्टर खूश झाले. बाई तर हवेतच होत्या.

बोलण्याखाली काय काय टांगलं होतं? गप्पा, भांडण, समजूत काढणं, मैत्री, मस्करी. म्हणजे माणसाचं माणसांतलं बहुतेक सगळंच.

घरी तिचा दादा होता. थोरला भाऊ. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. आवाज असा की या टोकाला कोबीचा भाव सांगितला तर त्या टोकाचा हमाल मान वर करायचा. आईबाप लवकर गेले, त्या आवाजाच्या जिवावर त्याने हिला शिकवली. "शहाणे" म्हणून हाक मारायचा, कौतुकानेही आणि चिडवायलाही. मग एका सकाळी लिलाव पुकारता पुकारता तो खाली बसला, आणि उठला तो बोलणं गमावूनच. मेंदूतली एक शीर फुटली होती. वाचणं गेलं, लिहिणं गेलं, उरला एक 'हां', तोही कुठेही बसणारा. उजवा हात जरा जड झाला, तेवढंच.

केंद्रात तो वेत विणायला बसे. संध्याकाळी घरी आला की चिमटे. बहीण त्या दोऱ्यांखाली उभी राहून कपाळाला आठ्या घालून कार्डं हलवतेय, की हा मागून हळूच येऊन तिच्या पदराला चिमटा लावायचा आणि छताकडे बघत उभा राहायचा. निर्व्याज चेहरा! कधी तिच्या वेणीला, कधी पर्सच्या पट्ट्याला. ती ओरडायची, "दादा, अरे काय लहान आहेस का?" तो म्हणायचा, "हां."

नव्या वर्गवारीने केंद्रातल्या सगळ्यांची फेरचाचणी निघाली. दादाची चाचणी आपण घ्यायची नाही, हे बाईंनी स्वतःच ठरवलं. ती धाकट्या बाईंनी घेतली आणि चहा निवायच्या आत त्या बाहेर आल्या.

"इतक्यात झालं?"

"झालं ना मॅडम. बोलणं शून्य. मग खालचं विचारायचंच नाही." आणि मग जरा चाचरत त्या म्हणाल्या, "माणसांतला वावर शून्य आलाय. देखरेखीच्या घराची शिफारस होते."

 बाई वळून चालू लागल्या. मागून धाकट्या बाई फिस्सकन हसल्या, आणि लगेच ओशाळल्या. "सॉरी मॅडम. तुमच्या पाठीला चिमटा आहे."

होता. पदराच्या मागच्या बाजूला, सकाळपासून. तो घेऊन ती सबंध केंद्रभर हिंडली होती. बाईंनी तो काढून हातात धरला आणि सवयीने म्हणाल्या, "हे कुठल्या फांदीवर?" म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. मस्करी तर बोलण्याखाली टांगली होती! तिनेच टांगली होती, स्वतःच्या हाताने, आणि दादा रोज तिच्याच पाठीशी उभा राहून ती करत होता.

खरं दुःख वेगळंच होतं. आधीच्या आठवड्यात एका मुक्या शिंपिणीला आणि दोन म्हाताऱ्यांना तसंच झटपट शून्य मिळालं होतं. तेव्हा हिने म्हटलं होतं, वा, वेळ वाचला. स्वतःच्या भावावर आलं तेव्हा डोळे उघडले. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज कुठल्या फांदीवर, हा प्रश्न त्या दिवशी मात्र तिला पडलाच नाही.

कुणाला ठेवायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे ती सरळ उभी राहिली. "माझा नियम चुकला. बोलणं ही एक फांदी आहे, खोड नव्हे. माणसांत वावरणं तिच्याखाली टांगलं, तिथेच घोळ झाला. ते तिच्या शेजारी हवं. ज्यांना ज्यांना असं शून्य मिळालंय, त्यांची पुन्हा चाचणी घ्या. शिंपिणीपासून सुरुवात करा."

मोठे डॉक्टर माणूस वाईट नव्हते, पण काटेकोर. चष्मा पुसत म्हणाले, "शिंपिणीच्या वेळी नाही सुचलं तुम्हाला?"

"नाही सुचलं. अक्कल गहाण पडली होती."

"उद्या लोक म्हणतील, भावासाठी झाड वाकवलं."

"म्हणू देत. त्याची चाचणी तुम्हीच घ्या. मी त्या खोलीत पाऊलही टाकणार नाही."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ठीक. पण न बोलता माणूस मैत्री करतो, मस्करी करतो, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसायला हवं. जे दिसेल तेच लिहीन. नाही दिसलं, तर शून्य. मग माझ्याकडे रदबदली नको."

"नको," बाई म्हणाल्या.

शिंपीण आणि दोघे म्हातारे पास झाले. शिंपिणीने तर डॉक्टरांच्या कोटाचं लोंबणारं बटण बघून कुणी न विचारताच खुणेने सुई मागवली म्हणे. मग दादाची पाळी आली. त्या सकाळी बाईंनी त्याला धुतलेला शर्ट घातला, भांग पाडला, आणि त्याच्या खिशात हात घालून सगळे चिमटे काढून घेतले. "दादा, आज चाळे नकोत हां. मोठे डॉक्टर आहेत. चिडले तर सगळं मुसळ केरात." दादाने रिकाम्या खिशाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रस्ताभर तो एक 'हां'सुद्धा म्हणाला नाही. केंद्राच्या दारात पोचेपर्यंत बाईंना कळून चुकलं होतं की आपण पुन्हा गाढवपणा केला. ज्या गोष्टीची परीक्षा, तीच काढून घेतली! पण आता चिमटे घरी होते, आणि चाचणीला बसणाऱ्याला देतात तो पिवळा बिल्ला त्याच्या छातीवर लागलासुद्धा होता.

दार बंद झालं. बाई व्हरांड्यात बसल्या. शेजारी धाकट्या बाई बसल्या, आणि लाजेच्या भांडणानंतर पहिल्यांदाच त्यांनी हिचा हात हातात घेतला. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, दुसरा आवाज नव्हता. बाईंच्या डोळ्यांपुढे देखरेखीच्या घरातल्या ओळीने मांडलेल्या खाटा येत होत्या. तिथे भिंतीकडे तोंड करून बसलेला दादा त्यांना बघवेना.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, चेहरा गंभीर.

"हे बघा मॅडम, तुम्हाला वाईट वाटेल, पण खोटं सांगणार नाही. माझं खाली पडलेलं पेन त्याने उचलून दिलं, खुर्ची पुढे केली, ते सगळं मी लिहिलंय. पण त्याने भागत नाही. तुम्ही त्या मस्करीचं एवढं सांगत होता, ती काही मला दिसली नाही. मी वाट बघितली. अगदी मनापासून बघितली. नाही दिसली."

 "बरं," एवढंच बाई म्हणाल्या. कबूल केलं होतं ना, रदबदली नको.

डॉक्टर आपल्या खोलीकडे जायला वळले.

वेत विणणारे सगळे तेव्हा चहाला व्हरांड्यात जमले होते. आधी शिंपिणीने तोंडावर हात घेतला. मग दोघे म्हातारे खोकल्यासारखे हसले. मग धाकट्या बाई, आणि मग सगळा व्हरांडा. डॉक्टर थबकले. "काय झालं? काय झालं हो?"

त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर, बरोब्बर मधोमध, पिवळा बिल्ला लटकत होता. त्याच्यावर ठळक अक्षरांत होतं, 'चाचणीसाठी'.

बाईंना हसू फुटलं आणि रडूही, दोन्ही एकदमच. दादा खोलीच्या दारात उभा होता. छताकडे बघत.