खंडेनवमीचा फोटो

महांतेश वकिलांकडं पहिल्यांदा गेलते ती भावाची केस घेऊन, भांडायच्याच तयारीनं. साल अठ्ठ्याण्णव. माझ्या धाकट्या भावाचा, कृष्णातचा, उजवा पंजा प्रेस मशीनखाली गेलता, आणि कारखानदार कोर्टात लिहून देऊन मोकळा, "हा माणूस माझ्याकडं कामाला नव्हताच." सात वर्सं राबला की ओ तिथं! पण हजेरीपटात नाव न्हाय. नाव न्हाय तर भरपाई न्हाय, आणि घरात दोन बारक्या पोरी.

वकील एका खोलीत डाव्या हातानं लिहीत बसलेले. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढंच. मी बघत ऱ्हायले तसं म्हणाले, "मी पण प्रेसवरच होतो, आक्का. बोटं गेली, केस हरलो, मग वकिली शिकलो."

हरलेला वकील!

सगळं ऐकून घेऊन विचारलं काय, तर "खंडेनवमीचा फोटो हाय का?"

माझं डोस्कंच फिरलं. "भावाचा हात गेलाय, आणि तुमास्नी फोटो सुचतोय व्हय?"

"वरडा की निवांत. पण घरी जाऊन शोधा."

गडमुडशिंगीला आले, पत्र्याची पेटी पालथी केली. गावला फोटो! झेंडूच्या माळा घातलेलं मशीन, नारळ फोडणारा कृष्णात, त्याच्या खांद्यावर हात टाकून हसणारा कारखानदार, आणि मागं कारखान्याची पाटी.

कोर्टात वकिलांनी आवाज चढवला न्हाय. फोटो पुढं धरला. "कामाला नसलेल्या माणसाला मशीनची पूजा करू देता?" दोन वर्सांनी निकाल आमच्या बाजूनं लागला. मी कोर्टाच्या व्हरांड्यातच हमसून हमसून रडले.

पेढे द्यायला गेले तवा विचारलं, "तुमच्या केसला असा फोटो नव्हता व्हय?"

"होता की." फायलीतनं काढून दाखवला. मशीनभोवती नऊ माणसं. मी दोनदा बघितलं.

"ह्यात तुमी कुठं?"

"काढला मीच. कॅमेरा मला एकट्यालाच जमायचा."



अजून दर खंडेनवमीला हा माणूस उद्यमनगरात, कारखान्यांच्या गल्लीगल्लीनं फिरतोय. कुणी कॅमेरा घेऊन हुबा दिसला की वरडतोय, "आण तो हिकडं. तू जा, हुबा ऱ्हा त्यांच्यात." आणि त्या तुटक्या हातानं फोटो काढतोय.