ब्रेककाकांचे आखूड होत गेलेले प्रश्न

आमच्या फुटबॉल संघात जोरात धावायला शिकवणारे पुष्कळ होऊन गेले. हळू धावायला शिकवणारे एकटे ब्रेककाका. वय चोपन्न, पोट आत, गुडघे बाहेर. आमचे कपडे धुणं, चेंडूत हवा भरणं, पोटऱ्या रगडणं ही त्यांची रोजची कामं. काकू मैदानालगतच्या कपड्यांच्या खोलीत बसून फाटके टी-शर्ट शिवायच्या. पण काकांचा खरा थाट असायचा सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. चाळीस मिनिटं मैदानाभोवती त्यांच्या मागे रमतगमत धावायचं, त्यांच्या पुढे जायचं नाही. धावताना धाप न लागता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, हा नियम.

"पाय काल झिजलेत, आज नुसते फिरवून आणायचेत," ते म्हणायचे. "दाताच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखे धावा. घाई कसली?"

वाक्य तपासायला ते प्रश्न विचारत. "काय रे, काल त्यांच्या डावीकडच्या पोराला वाट करून दिलीस, मेहुणा लागतो का तुझा?" मी बचाव फळीतला, म्हणून हा प्रश्न कायम माझ्या वाट्याला.

त्या हंगामात नवे प्रशिक्षक आले. त्यांनी सांगून टाकलं, "चाळीस मिनिटं जमतंय तोवर पोरं तुमच्या मागे. नाही जमलं की मी हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळं आणतो."

काकांनी हसून मान डोलावली. नंतर कपडे वाळत घालताना मला म्हणाले, "घड्याळाच्या मागे धावणार तुम्ही? आणि मी काय नुसते मोजे धुऊ?"

पुढे त्यांच्या प्रश्नातला मेहुणा गळाला. "डावीकडच्या पोराला का सोडलंस?" एवढंच उरलं. महिन्याभरात "का सोडलंस?" मग नुसतं "का?" लागोपाठ तीन सामने हरलो होतो, काका रुसलेत, असं आमचं ठरलं. पाऊल तेच, वेग तोच. परीक्षा घेणाऱ्याची कधी परीक्षा घ्यावी, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

एका सकाळी ते गोलच्या खांबाला धरून उभे राहिले. ओठ निळसर. मी मागे वळून चेष्टेनं म्हटलं, "काका, एक अख्खं वाक्य होऊन जाऊ द्या."

"चल... हो... पुढे."

"हे वाक्य नाही झालं."

त्यांनी फाटकाजवळच्या प्रशिक्षकांकडे पाहिलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. "तू... बोल."

मी बोललो. तिथून पुढे सात आठवडे मी त्यांच्या शेजारी धावत दोघांचं बोललो. प्रश्न त्यांच्या घोगऱ्या आवाजात, उत्तरं माझ्या. पोरं हसून लोळायची बाकी. प्रशिक्षक म्हणाले, "तुझ्या पायांपेक्षा तोंडाला दम जास्त आहे." काका पुढे बघत धावायचे, आणि मला आपण फार मोठं काम करतोय असं वाटायचं. खोटं कशाला सांगू, टाळ्याही आवडायच्या.

आठव्या आठवड्यात एकतिसाव्या मिनिटाला ते कोसळले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं बरीच गेलीत. मग कागद पुढे ओढून त्यांनी काकूंना विचारलं, "बोलताना दम कधीपासून लागतो?"

"घरी ते मुळात कमीच बोलतात. पण मैदानावर मागच्या आठवड्यापर्यंत अगदी ठणठणीत," काकू म्हणाल्या. "पोरांना टोमणे मारायचे. मी खोलीतून ऐकायचे ना."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

"काकू, तो मी होतो," मी म्हणालो.

"तू काय होतास?"

घसा खाकरून मी त्या आवाजात म्हणालो, "काय रे, मेहुणा लागतो का तुझा?"

काकूंनी चटकन खाटेकडे पाहिलं. काका मास्क लावून डोळे मिटून पडले होते. मग काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि हातातला रुमाल उगाच पुन्हा घडी घालायला घेतला.

डॉक्टरांनी लिहिलेली ओळ खोडली. "मग नक्की कधीपासून?"

प्रश्नातला मेहुणा गळाला, तिथून मी मोजायला लागलो.