निळ्या पट्टीचे सहा

धाकट्या,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. एका छपराखाली राहणाऱ्यांनी पत्रं कसली लिहायची? तू गेल्यावर जो तो म्हणाला, ताईने भावाचं फार केलं. मी ऐकून घेतलं. आता खरं काय ते लिहायचंय. पण ‘मी’ म्हटलं की हात सारवासारव करायला लागतो. म्हणून यापुढे ‘ताई’ असंच लिहिते.

तर धाकटा चष्म्याच्या काचा घासायचा. चाळीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच यंत्रापुढे. दुसऱ्यांना दिसावं म्हणून स्वतःचे डोळे अधू करून घेतलेस, असं ताई त्याला सुनवायची. त्यावर तो विचारायचा, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून तू कुणाला शहाणं केलंस? भावजय गेली तेव्हा पदरी मूलबाळ नव्हतं. ताईने त्याची खोली सोडायला लावली आणि त्याला आपल्याकडे आणलं. घरात मुलगा, सून, दोन नाती. भरल्या घरात माणूस एकटा कसा पडेल, असा तिचा सरळ हिशेब. धाकट्याने कुरकूर केली नाही. पानात पडेल ते खायचा, विचारलं तेवढं बोलायचा, आणि चहा झाला की खाली इमारतीच्या वाचनालयात जाऊन बसायचा.

तिथे माशांची एक मोठी काचेची टाकी होती. सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. आत नुसतं शेवाळ. काच म्हटल्यावर धाकट्याचे हात शिवशिवले. त्याने ती लख्ख केली आणि तीन जातींचे मासे आणले, प्रत्येकी आठ. निळ्या पट्टीचे मधल्या पाण्यात, काळ्या त्रिकोणाचे जरा वर, मिशाळ तळाशी. ताई त्याला ‘कळप’ म्हणाली, तर त्याला ते चाललं नाही. कळप हाकावा लागतो म्हणाला, हा थवा आहे, आपणहून वळतो. पेपर वाचायला येणारे म्हातारे पेपर तोंडापुढे धरून मासेच बघत बसायचे.

मग त्याचं उजवं अंग गेलं. तीन आठवडे तो हॉस्पिटलात होता. इकडे इमारतीतल्या मंडळींना माशांचा कळवळा आला. येता-जाता ज्याने त्याने चिमूटभर खाणं टाकलं, आधी कुणी टाकलंय का ते न विचारता. पाणी नासलं. ताईच्या मुलाने धाकट्याला खुर्चीसकट उचलून खाली आणलं तेव्हा टाकीत दोन निळे, दोन त्रिकोणी आणि दोन मिशाळ उरले होते. निळे फिल्टरच्या मागे दडून बसलेले, पट्टी पार फिकी पडलेली.

कोपऱ्यावरच्या दुकानातून निळ्या पट्टीचे सहा घेऊन ये, असं त्याने ताईला सांगितलं. आधी निळे, बाकीचे मागाहून. थवा झाला नाही तर हे दोघे भीतीनेच मरतील.

ताईने टाकीत पाहिलं आणि बोटांवर मोजलं. "थव्याला सहा लागतात ना? मग दोन, दोन आणि दोन. झाले की सहा."

धाकटा वाकड्या तोंडाने हसला. "बेरीज बरोबर आहे, ताई. पण ते एकमेकांचे नाहीत. एका टाकीत आहेत, एवढंच."

ताईला ते माशांपुरतंच वाटलं. गुरुवारी आणते म्हणाली.

गुरुवारी तिला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. पुढच्या गुरुवारी वाचनालयाची सभा. दुकान दोनशे पावलांवर. पण माणूस खुर्चीला खिळलाय आणि आपण पिशवीत मासे मिरवत आणायचे, हे तिला पोरकट वाटत होतं. खरं कारण हेच. त्याने विचारलं, तेव्हा ती दोन्ही वेळा एकच बोलली, "दुकान बंद होतं रे. गुरुवारी बंद असतं वाटतं."

"असेल," तो म्हणाला.

एक निळा मेला. उरलेला फिल्टरमागून बाहेर यायचाच थांबला. धाकटा रोज दुपारी टाकीपुढे बसायचा, खुर्ची अशी तिरकी लावून घ्यायचा की फिल्टरची मागची बाजू दिसेल. तिसऱ्या गुरुवारी त्याने विचारलंच नाही. शनिवारी दुपारी खुर्चीतच मान कलली. त्याला वर न्यायच्या धांदलीत टाकीकडे कुणी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा तो निळाही नव्हता.

महिन्याभराने ताई औषधं घेऊन येत होती, तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हाक मारली. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. काका बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत म्हणाला. नवे मासे गुरुवारी येतात, आणि काका दर गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, अकरा वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

ताई पायरीवर उभी राहिली. म्हणजे ‘असेल’ म्हणताना त्याला ठाऊक होतं. दोन्ही वेळा.

"निळ्या पट्टीचे छान आलेत," दुकानदार म्हणाला. "सहा बाजूला काढून ठेवतो. काकांना सांगाल?"

"सांगते," ताई म्हणाली.