जर्मन गाडीतली झेंडूची माळ

जासईच्या एका कंटेनर यार्डात मी बरीच वर्षं सर्व्हे क्लार्क होतो. कंटेनर उघडला की माल मोजायचा, खोका चेपला असेल तर तसं लिहायचं, सही करायची. कमी बोलणारा म्हणून माझा लौकिक होता. त्यातलं निम्मं न बोलणं भित्रेपणाचं होतं, हे आता पन्नाशी उलटल्यावर लिहितोय.

एका वर्षी पावसाळ्यात एका कंटेनरमधून पिवळी गाडी निघाली. जर्मनीतला एक छोटा कारखाना दुसऱ्या मोठ्या कंपनीची गाडी घेतो, इंजिन नव्याने बांधतो, त्याला दोन टर्बो जोडतो आणि वर स्वतःचं नाव लावतो. अशा गाड्या ते वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच करतात. त्यामुळे तोंड एका कंपनीचं आणि कागद दुसऱ्याचे. तपासणी लांबली, गाडी आमच्याच शेडमध्ये राहिली. भोवती फीत बांधली आणि रोज संध्याकाळी रजिस्टरात लिहायचं काम मला मिळालं : ‘कोणीही हात लावला नाही.’

खंडेनवमीला यार्डातल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. क्रेन, फोर्कलिफ्ट, वजनकाटा, अगदी झेरॉक्स मशीनसुद्धा. फुलं आणायचा आमचा फोर्कलिफ्टवाला, जवळच्या गव्हाण गावचा. वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून सगळे त्याला दादूस म्हणायचे. पूजा उरकली आणि त्याचं लक्ष पिवळ्या गाडीकडे गेलं.

“सायेब, हिनं काय पाप केलंय? पावनी हाय म्हनून उपाशी ठेवाची?”

मलाही ते पटलं. फीत वर धरून आम्ही दोघं आत शिरलो. त्याने बॉनेटला हळदकुंकू लावलं, पुढ्यात नारळ फोडला. तेवढ्यात मॅनेजर आले. त्यांनी रागवायला हवं होतं. ते म्हणाले, “अरे, इंजिन मागे असतं हिचं! तुम्ही डिकीची पूजा केलीत!”

मग मागे पुन्हा सगळं. मॅनेजर हसत केबिनकडे वळले, दादूस दुसरा नारळ आणायला गेला. मागे माळ अडकवायला काहीच नव्हतं, सगळं गुळगुळीत. फक्त दोन्ही कुशींवर एकेक खाच होती. मला वाटलं, शोभेची असेल. एका खाचेत मी झेंडूची माळ खोचली, भाताच्या लोंब्यांसकट. निसटू नये म्हणून बोटाने आत ढकलली. दुसरीतही तेच केलं. संध्याकाळी रजिस्टरात लिहिलं, ‘कोणीही हात लावला नाही.’

दिवाळीनंतर कागद सुटले. गाडी चालू केली तेव्हा मालकाचा माणूस, मॅनेजर आणि आम्ही सगळे रांगेने उभे होतो. आधी देवळामागच्या निर्माल्यासारखा वास आला. मग मागून धूर, आणि धुरातून सुकलेल्या पाकळ्या उडाल्या. मॅनेजरांचे हात आपोआप जोडले गेले.

पंधरा दिवसांनी त्या कारखान्याचा माणूस जर्मनीहून आला. त्या खाचांमधून इंजिनासाठी थंड हवा जाते, हे तेव्हा कळलं. चिमट्याने तो एकेक लोंबी काढून पिशवीत ठेवत होता. “इथे कुठला पक्षी घरटं करतो?” त्याने गंभीरपणे विचारलं.

“चिमणी,” मॅनेजर म्हणाले.

त्याने पंख्याला गुंडाळलेला दोरा वर धरला. “पक्षी गाठ मारत नाही.”

“फुलं कोणाची?” मॅनेजर आमच्याकडे वळले.

“माझी,” दादूस म्हणाला.

“आणि खोचली कोणी?”

दादूसने माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास काढून घेतला.

हे मला पुढे दहाएक वर्षं पुरलं. खंडेनवमी आली की घरच्या मिक्सरलाही फूल वाहवेना. शेवटी यंदा मी गव्हाणला गेलो. गेलो तो नेमका त्याच्या पुतणीच्या हळदीच्या दिवशी. अंगणात मांडव, माणसांची गर्दी. ओटीवर, देवांच्या तसबिरींशेजारी, पिवळ्या गाडीचा फोटो. त्याला झेंडूची माळ.

त्याला बाजूला घेऊन मी एका दमात सांगून टाकलं, “दादूस, माळ मी खोचली होती.”

“हलू बोला!” त्याने इकडेतिकडे पाहिलं. “मना ठावं हाय. नारल घेऊन येताना बगलं व्हतं तुमाला.”

“मग तेव्हा का नाही बोललास?”

“तवा तुमी रजिस्टरातून मान वर केली नाय. नोकरी गेली, मी रडलो पन. मंग गावात लोक विचाराला लागले. दादूसच्या फुलांसाटी जर्मनीचा मानूस इमानात बसून आला! आजूनपन ती गोष्ट सांगाला लावतात. आता तुमी आलाव, ती बी न्यायला?”

मी काही बोलायच्या आत त्याने मला हाताला धरून मांडवात नेलं. “ह्ये बगा, ह्ये सायेब तिथंच व्हते. सांगा सायेब, माल कोनी खोचली?”

पाचपन्नास तोंडं माझ्याकडे वळली. दादूस हसत होता, पण माझं मनगट त्याने घट्ट धरून ठेवलं होतं.

“दादूसने,” मी म्हणालो. मागे ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणालो.

मग त्याने मनगट सोडलं, मला पंगतीत बसवलं आणि माझ्या ताटात दोन वडे जास्त वाढले.