पांढरे टायर

फोर्कलिफ्टचे टायर मी एकदा भेंडीसारखे निवडले — नखाने टोचून. नख रुतलं तर कोवळा, नाही रुतलं तर जून. आणि जून म्हणजे टिकाऊ, हा माझा स्वतःचा शोध. नातवंडांना ही गोष्ट फार आवडते, मीही ती हातवारे करून सांगते. पण इथपर्यंतच. पुढचा भाग घरात कुणाला ठाऊक नाही. नवऱ्यालाही सांगितला नाही, आणि आता तो नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे म्हणून असेल.

डोंबिवलीच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात मी खरेदी बघायची. ठाण्याच्या वर्तकनगरहून रोज जायची — कडक इस्त्रीची साडी, कानावर पेन. हो, कानावर. सुतारासारखं. त्या खुर्चीवर बसलेली मी पहिली बाई, आणि हे कुणी विसरू नये म्हणून मी फार कष्ट घ्यायची.

गोदामात एक फोर्कलिफ्ट होती, पुढे दोन लोखंडी काटे असलेली, माल उचलून नेणारी गाडी. ती दत्तू भोईर चालवायचा. जवळच्याच गावचा, आगरी. आजोबा-पणजोबा मिठागरावर, हा गाडीवर. खोक्यांची चळत अशी उतरवायचा की आतलं बिस्कीट हलू नये. टायर बदलायचे ठरले तेव्हा गोदामाच्या जमिनीला नुकताच गुळगुळीत रंग दिला होता, आणि काळ्या टायरचे पट्टे त्यावर उमटले की मोठ्या साहेबांच्या कपाळावरही उमटायचे. विक्रेत्याने दोन तुकडे आणले, दोन्ही भरीव रबराचे. एक काळा, एक पांढरा. पांढऱ्याचा डाग पडत नाही. मी नख टोचलं. पांढरा जून निघाला.

दत्तू म्हणाला, "म्याडम, आत ठीक हाय. भायेर खडी हाय, गटाराची जाली हाय. पांढरा फाटल. काला घ्या."

"दत्तूशेठ, टायर घ्यायचेत, चपला नाही," मी म्हणाले. सगळे हसले. तोही हसला. काय हजरजवाबी होते मी, नाही?

चौथ्या महिन्यात टायरचे लचके निघाले, पावाचे तोडावेत तसे. एका दुपारी आवारातल्या गटाराच्या जाळीवर गाडी कलली आणि तेलाचे डबे खाली आले. कुणाला लागलं नाही. पण तेल पार फाटकापर्यंत गेलं, आणि साहेबांनी मला लेखी विचारलं — असं का झालं?

आता इथे मी जरा घुटमळते. चहा करून येऊ का? नको. आले की पुन्हा भेंडीच सांगेन.

विक्रेत्याचं पत्रक माझ्या खणात होतं. ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं — फक्त आतल्या, सपाट जमिनीसाठी. दोनदा वाचलं. मग चार तुकडे करून पर्समध्ये टाकले आणि ठाण्याला घरी नेऊन कचऱ्यात फेकले. कारखान्याच्या टोपलीत टाकायचीही हिंमत नव्हती — म्हणजे मला कळत होतं, की नाही? कळतच होतं.

आणि उत्तरात मी लिहिलं की चालक वळणावर जोरात ब्रेक दाबतो, त्यामुळे टायर झिजले. अक्षर माझं सुरेख. साहेबांनी त्या अक्षराची तारीफ केली.

एवढंच असतं तर भित्रेपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण मी दत्तूला बोलावून समजावलं. शांतपणे, मायेने. ब्रेकवर पाय कसा पडतो, रबर कसं तापतं — कागदावर चित्र काढून. मला स्वतःला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तो खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होता. एकदाही म्हणाला नाही की मी आधीच सांगितलं होतं. का नाही म्हणाला? म्हणाला असता तर मी... काय केलं असतं? काहीच नाही. चित्र आणखी मोठं काढलं असतं.

गाडीची चावी त्याच्याकडून घेतली. त्याला खोक्यांना पट्ट्या बांधायला बसवलं. दसऱ्याला गाडीला झेंडू घालून चालकाने नारळ फोडायचा, ही तिथली रीत. त्या वर्षी नवीन माणसाने फोडला. दत्तू पाठीमागे उभा राहून खोबरं घेऊन गेला.

आणि मी गाजावाजा न करता काळे टायर मागवले; साहेबांना म्हटलं, पांढरे सध्या मिळत नाहीत, पट्टे रोज पुसून घेऊ. ते टिकले. वर्षं टिकले. सगळे म्हणाले, बघा, नव्याचा हात किती हलका. मी मान डोलावली. मीच आधी डोलावली असणार.

गेल्या महिन्यात जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, कल्याणजवळ. जेवताना शेजारच्या खुर्चीवर दत्तू. केस पांढरे, मिशी तशीच. त्याच्या लेकाने गाडी घेतलीय, दारात उभी असते. कुणीतरी चिडवलं — काय रे दत्तूदादा, पोराची गाडी तू का नाय चालवत? तो हसत म्हणाला, आपला पाय ब्रेकवर नीट पडत नाय, तेव्हापासून कशालाच हात लावला नाय. अगदी स्कूटरलाही नाही म्हणे. स्कूटरलाही नाही.

मला वाटायचं, त्याला सगळं माहीत आहे आणि तो मनातल्या मनात मला शिव्या घालत असेल. त्या शिव्यांचा मला आधार होता. हा तर माझं चित्र खरं मानून जगला.

पत्रावळीवर जिलबी तशीच राहिली. मी त्याला सांगितलं — पत्रक, खण, पर्स, काळे टायर, सगळं. गडबडीत, अर्धवट, पण सांगितलं. तो पत्रावळीची कड दुमडत बसला. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं,

"म्हंजे म्याडम, मी बराबर चालवत होतो?"