मेच्या आधी निघालेल्या माश्या

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. मार्चचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेसात... हॉस्पिसमधून, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या दवाखान्यातून, माझा नवरा मंदार बोलत होता. "वैशाली, अप्पा गेले गं," एवढंच म्हणाला. मी "येते" म्हटलं आणि उरलेली काच आधी पूर्ण साफ केली. का, ते मला विचारू नका. अप्पा म्हणजे माझे सासरे. अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभा जन्म त्यांनी असिस्टंट म्हणून काढला. इथे कॅनडातल्या केंब्रिजमधली मराठी मंडळी त्यांना 'सर' म्हणायची, आणि अप्पा दर वेळी समोरच्याला थांबवून सांगायचे, "सर नाही जी, मी बेडकं पुरवणारा माणूस."

सासूबाई गेल्यावर, २०१५ साली, मंदार त्यांना इकडे घेऊन आला. तो कारच्या कारखान्यात इंजिनियर, मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. मला वाटलं होतं, दिवसभर एकटे टीव्हीसमोर बसतील आणि संध्याकाळी चेहरा पाडून मला अपराधी वाटायला लावतील. कसलं काय! आमच्या घरामागे विजेच्या मोठ्या तारांखाली मोकळं रान आहे. तिथे उन्हाळा सरताना गोल्डनरॉडची पिवळी फुलं कमरेएवढी फोफावतात आणि हिवाळ्यात त्यांच्या वाळक्या काड्या बर्फातून वर दिसत राहतात. एका रविवारी अप्पा तसल्या दहाबारा काड्या घेऊन घरात आले. प्रत्येक काडीच्या मधोमध सुपारीपेक्षा थोडा मोठा, गोल फुगवटा. माझ्या भाजीच्या बोर्डावर, माझ्याच सुरीनं त्यांनी एक चिरला, आणि आत पांढरी, गुबगुबीत अळी! मी किंचाळलेच. "अप्पा, त्यावर मी कांदा चिरते हो!" तर म्हणतात कसे, "कांद्यापेक्षा स्वच्छ हाये थे."

मग मला उभं करून शिकवणी झाली. वसंतात एक छोटी माशी कोवळ्या काडीत अंडं घालते. अळी आतून पोखरू लागली की झाडच तिच्याभोवती हा फुगवटा वाढवतं, म्हणजे घरही झाडाचं आणि जेवणही झाडाचं. थंडी पडण्याआधी अळी आतून बाहेरच्या सालीपर्यंत एक बोगदा कोरते आणि शेवटचा पापुद्रा तेवढा ठेवते. कारण पुढे जी माशी होणार, तिला कुरतडायला दातच नसतात. अळी आताच दार करून ठेवते, मग हिवाळाभर गोठून पडते आणि तरी मरत नाही. मे महिन्यात माशी डोकं फुग्यासारखं फुगवून तो पापुद्रा ढकलते आणि बाहेर येते. "हे सगळं वाचलेलं हाये," अप्पा म्हणाले, "पाह्यलं नाही. मले एक डाव पाह्याचं हाये."

पहिल्या वर्षी ते राहिलं माझ्यामुळे. एप्रिलमध्ये मी अंगण आवरायला काढलं आणि मागच्या लाकडी डेकवर बादलीत ठेवलेल्या त्यांच्या काड्या पालापाचोळ्याच्या पिशवीत कोंबून रस्त्यावर ठेवल्या. कचऱ्याचा ट्रक घेऊनही गेला. अप्पा तिसऱ्या दिवशी नुसतं एवढंच म्हणाले, "तुले काय मालूम वं." ते रागावले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलून मोकळी झाले असते. पुढच्या हिवाळ्यात पक्ष्यांनी टोचून एकूण एक अळी खाल्ली. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र मी स्वतः माझी जुनी जाळीची ओढणी बादलीवर बांधून दिली. अप्पांनी प्रत्येक काडीला दोरा बांधला, चिठ्ठी लावली, अगदी प्रयोगशाळेत लावावी तशी.

आणि त्याच डिसेंबरात त्यांचा खोकला थांबेना. फुप्फुसाचा कॅन्सर, शेवटच्या टप्प्यातला. डॉक्टरीणबाईंनी दुभाष्या हवा का विचारलं, तर मंदार म्हणाला, मी मुलगा आहे ना. त्या इंग्रजीत म्हणाल्या, फार तर तीन महिने. मंदारनं मराठीत सांगितलं, "अप्पा, छातीत पाणी झालंय. उन्हाळ्यात परत फिरायला लागाल." मी शेजारी बसले होते. एरवी घरात माझं तोंड बंद नसतं, तिथे मात्र मूग गिळून बसले. घरी आल्यावर अप्पांनी बादली खिडकीतून दिसेल अशी सरकवून घेतली. "मे महिन्यात पाहीन," म्हणाले.

मी जे केलं ते चांगल्या मनानं केलं, हे इथे लिहून ठेवते. जानेवारीअखेर मी गुपचूप चार काड्या बेसमेंटमध्ये नेल्या आणि घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी काचेच्या बरणीत ठेवल्या. अप्पा आधी म्हणाले होते, त्यांना आत आणू नको, थंडीची त्यांना सवय असते. पण मला एवढंच दिसत होतं, की या माणसाला मे मिळणार नाही. साडेतीन आठवड्यांनी कपडे धुवायला उतरले, तर बरणीत तीन माश्या! तपकिरी, पंखांवर नक्षी. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि बरणी त्यांच्या हातात दिली.

अप्पांनी भिंग मागितलं. किती वेळ बघत होते... ओठ हलत होते, हसत होते. "पाह्य वं, कशी पंख हालवून चालते." मग भिंग खाली ठेवलं. खिडकीबाहेर नुसता पांढरा बर्फ.

"बाहेर किती हाये?"

"मायनस अठरा."

"ह्या तं मे महिन्यात निघतात." ते माझ्याकडे बघत राहिले. "मंग तू काऊन घाई केली?"

मी बरणी घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिली नाही.

"मे महिन्यापर्यंत मी नाही काय वं, वैशाली?"

मी मान हलवली. नाही. त्यांनी विचारलं, किती? मी म्हटलं, डॉक्टर मार्च म्हणाल्या. बरणी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी जपून उशाशी ठेवली आणि म्हणाले, "अक्काले फोन लाव. अन् दार लोटून घे."

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, आमच्या आत्याबाई. पंच्याऐंशीच्या पुढच्या, परतवाड्याला असतात, हृदय कमजोर. त्यांनाही सगळ्यांनी 'छातीत पाणी' एवढंच सांगितलं होतं. अप्पा दर रविवारी त्यांच्याशी बोलायचे, पण त्या दिवशी मंगळवार होता. मी दार लोटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डाळ निवडत बसले. तासाभरानं त्यांनी चहा मागितला. काय बोलले ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मंदार संध्याकाळी माझ्यावर भडकला. "तुला कोणी सांगितलं होतं? शेवटचे दिवस तरी सुखात..." आठवडाभर अबोला. मी तेव्हा त्याच्याशी भांडले नाही, कारण मलाच खात्री नव्हती. माश्या दहाएक दिवस जगल्या. त्यांना खायचं नसतंच काही. शेवटची मेली तेव्हा अप्पांनी मंदारला हाक मारून रिपोर्ट आणायला लावला आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लावली. मंदार वाचत होता, अप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. आजारी कोण, तेच कळू नये.

अप्पा गेल्यावर मला बसायला सवड नव्हती. फॉर्म, क्रिमेटोरियमची वेळ, येणाऱ्याजाणाऱ्यांचं जेवण. बाहेरची बादली डेकवर आहे तशी आहे, मे महिन्याला अजून वेळ आहे. भारतातून मंदारच्या चुलतभावाचा निरोप आला, अक्काला कळवू नका, तिला झेपणार नाही. सगळे हो म्हणाले. दोन रविवार तिकडे फोन गेलाच नाही. तिसऱ्या रविवारी मला राहवेना. एक माणूस तिकडे फोनची वाट बघत बसलंय आणि आपण इकडे गप्प! पुन्हा तेच? मी मंदारला सांगून नंबर लावला. लपवायचं नाही एवढं ठरलं होतं, सांगायचं कसं ते सुचत नव्हतं.

आत्याबाईंनीच उचलला. "आत्याबाई, मी वैशाली..."

"गेला न तो?"

"हो."

आत्याबाईंचा आवाज शांत होता. "मले मालूम होतं वं. त्यानं सांगतलं होतं, त्या मंगळवारी. तासभर रडलो आम्ही भाऊबहीण. मायच्या आठवणी काढल्या, लहानपणी भांडलो थेही काढलं. तो म्हणे, अक्का, सुनेनं खरं सांगतलं म्हून तुह्यासंग रडाले भेटलं. आमचं झालं पोरी... तुह्यंच राह्यलं. रड आता. मी हाये फोनवर."

मी फोन कानाला धरूनच खाली बसले.